रस्सा तिखट होता की आटलेला? साताऱ्यातील एका खानावळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा शहराच्या पश्चिम अंगाला, बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, एका कुटुंबाने तीस वर्षांहून अधिक काळ चालवलेली मांसाहारी खानावळ आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे नाव, नेमकी जागा आणि माणसांची नावे इथे दिलेली नाहीत. या खानावळीचे हिशेब मी गेली नऊ वर्षे पाहतो आणि बुधवारी व शुक्रवारी दुपारी तिथेच जेवतो. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्याचा मी साक्षीदार आहे, आणि त्यातील एका चुकीच्या निर्णयात माझाही वाटा आहे.

खानावळीत दहा टेबले आहेत. जेवणाची थाळी एकच, मटणाची किंवा कोंबडीची: सुके, रस्सा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, भात, कांदा आणि लिंबू. रस्सा मागाल तितका वाढला जातो. त्याची चव घरच्या कांदा-लसूण चटणीवर उभी आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवून, रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी असे ठरलेले प्रमाण धरून, खोबरे, धने, तीळ, दगडफूल, नागकेशर असे सगळे भाजून, तळलेला कांदा आणि लसूण घालून ही चटणी डंकावर कुटून आणली जाते. वर्षाला सुमारे दीडशे किलो चटणी लागते. मालकांच्या आईंनी घालून दिलेले प्रमाण आज भटारखान्यातले आचारी सांभाळतात. सगळे त्यांना मामा म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो.

गावातल्या गिऱ्हाइकाचे वर्ष सणावारांनी बांधलेले असते. आषाढाच्या शेवटी खानावळीत पाय ठेवायला जागा नसते, श्रावण लागला की टेबले रिकामी होतात, गणपतीत तीच गत आणि नवरात्रातही तीच. आठवड्यातही सोमवार, गुरुवार आणि शनिवार मंदच असतात. पूर्वी हे दोन-अडीच महिने अंगावर काढावे लागत. पश्चिम घाटातील स्थळांबरोबर कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि फुलांच्या हंगामातली गर्दी वाढत गेली, तसे हे चित्र पालटले. सप्टेंबरात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे नेमके गावचे गिऱ्हाईक व्रतवैकल्यात असते तेव्हा, यवतेश्वरचा घाट उतरून येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या शनिवारी-रविवारी दारात उभ्या राहू लागल्या. एरवी दुपारी साठ थाळ्या जात, तिथे हंगामातल्या रविवारी दीडशेच्या वर जाऊ लागल्या.

अडचण

ज्या रविवारपासून हे प्रकरण सुरू झाले, त्या दिवशी जीएसटीच्या काही कागदांवर सह्या घेण्यासाठी मी दुपारी पावणेतीनला तिथे पोहोचलो होतो. समोरच्या टेबलावर आजी, आई-वडील आणि सात-आठ वर्षांची मुलगी असे कुटुंब बसले होते. मुलीने भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला आणि क्षणभराने ती वाटी हाताने दूर सारून रडू लागली. आईने पाणी पाजले, त्याने काहीच उपयोग झाला नाही. मिरचीतला तिखटपणा तेला-तुपात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे पाणी प्यायल्याने तो फक्त तोंडभर पसरतो. दही दिले असते तर तिला आराम पडला असता, पण ते कोणाला सुचले नाही. आजींनी भातात लिंबू पिळून तेवढाच खाल्ला. वडिलांनी वाढप्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडं असंच असतं, साहेब." ते काही बोलले नाहीत. चार थाळ्यांचे पूर्ण पैसे देऊन, जवळजवळ भरलेली ताटे तशीच ठेवून ते उठले.

मालक गल्ल्यावर बसून हे सगळे पाहत होते. त्या हंगामातला असा तो तिसरा रविवार होता आणि परत येणाऱ्या ताटांत रश्शाच्या वाट्या भरलेल्या दिसत होत्या. त्यांना सर्वांत जास्त काय लागले, ते त्यांनी मला संध्याकाळी सांगितले: "भांडून गेले असते तरी चाललं असतं. न बोलता गेले."

त्याच दिवशी साडेबाराला आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त शिक्षक, जेवून गेले होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. जाताना त्यांनी भटारखान्याच्या दारात उभे राहून मामांना "आज रस्सा चांगला उतरलाय" असे सांगितले होते. पातेले तेच, दिवसही तोच, तरी एक जण खास आत जाऊन कौतुक करतो आणि दुसऱ्याच्या मुलीला एक घास गिळवत नाही. या विसंगतीकडे आम्ही तेव्हाच नीट पाहायला हवे होते. आम्ही ती पाहिली नाही. बाहेरच्यांना आपले तिखट झेपत नाही, एवढाच अर्थ आम्ही काढला, कारण तो सोपा होता आणि त्यात आपली काही चूक निघत नव्हती.

पहिले दोन उपाय

पुढच्या शनिवारी दुपारी दोन वाजता मालकांनी पातेल्यात दोन तांबे गरम पाणी ओतायला सांगितले. तिखटपणा थोडा उतरला, पण खोबऱ्या-कांद्याचे वाटण तळाशी बसले, तर्री वर वेगळी तरंगू लागली आणि मध्ये गढूळ पाणी राहिले. मुरलेल्या रश्शात मागाहून घातलेले पाणी मुरत नाही, हे घरात स्वयंपाक करणारी कोणतीही बाई सांगेल.

दुसरा उपाय जास्त घातक ठरला, कारण तो वरकरणी यशस्वी झाला. चटणी एक तृतीयांशाने कमी करावी आणि दाटपणासाठी काजू व मगज वाटून घालावे, असे ठरले. चटणीचा खर्च हंगामात किती वाढतो याचे आकडे मीच मांडले होते आणि चटणी कमी करण्याला मी लगेच होकार दिला होता. चटणी कमी झाल्यावर रंग फिका पडला, तेव्हा हंगामापुरत्या आलेल्या मदतनीस आचाऱ्याने खाण्याचा लाल रंग घालण्याचे सुचवले. मालकांनी ते जागीच नाकारले. अशा शिजवलेल्या रश्शात कृत्रिम रंग घालायला अन्नसुरक्षेचे नियम परवानगी देत नाहीत, ही गोष्ट तर होतीच, पण त्यांचे म्हणणे असे की, आईच्या हाताखाली ज्या पातेल्यावर शिकलो त्यात आपण पुडीतला रंग घालणार नाही. या संपूर्ण प्रकरणात घाईच्या वेळी घेतलेला आणि तरीही अचूक ठरलेला असा हा एकच निर्णय आहे.

काजूचा रस्सा पाहुण्यांनी संपवला. ताटे रिकामी परत येऊ लागली आणि आम्ही प्रश्न सुटला असे मानले. मग दसरा झाला, नवरात्राचे उपास सुटले आणि गावचे गिऱ्हाईक परतले. बुधवारी गुरुजी आले. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, वाटी किंचित तिरकी करून रश्शाची कड पाहिली आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून हात धुतला. मामांकडे ते गेले नाहीत. मालकांना एवढेच म्हणाले, "दादा, हे कालवण आपलं नाही." त्यानंतर महिना-दीड महिना ते आले नाहीत, आणि त्यांच्यासारखे आणखी काही.

कारणाचा शोध

इथपर्यंत मामांना कोणीही काही विचारले नव्हते. त्यांना फक्त हुकूम मिळत होते. गुरुजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मालक आणि मी भटारखान्यात जाऊन बसलो आणि मामांना विचारले की, त्या रविवारी रस्सा खरोखर नेहमीपेक्षा तिखट होता का. मामा म्हणाले, "बाराला न्हवता. तीनला होता. दुपारनंतर रस्सा आटतोय की."

त्यांच्या या एका वाक्यातून तीन कारणे उलगडली.

पहिले आटण्याचे. एरवी एकच पातेले लागते आणि ते दोनपर्यंत संपते. हंगामात मात्र सकाळी अकरालाच दोन मोठी पातेली शिजवून मंद आचेवर ठेवली जात आणि दुसऱ्या पातेल्यातला रस्सा तीन-साडेतीनपर्यंत उकळत राही. आम्ही मुद्दाम दोन लिटर रस्सा वेगळ्या पातेलीत, झाकण न ठेवता, बारीक आचेवर बारा ते तीन ठेवून पाहिला. शेवटी दीड लिटरच्या आसपास उरला. पाणी गेले, मीठ आणि तिखट मागे राहिले, म्हणजे वाटीमागे दोन्ही सुमारे एक तृतीयांशाने वाढले. मोठे पातेले भरलेले असताना इतक्या वेगाने आटत नाही, पण वाढता वाढता रस्सा तळाशी आला की तेही उथळ भांड्यासारखेच वागू लागते, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाटीत नेमका हाच तळाचा रस्सा जातो.

दुसरे कारण तर्रीचे. वरची तर्री पहिल्या शंभर वाट्यांत संपते. नंतरच्या वाट्या फिक्या दिसू नयेत म्हणून मामा दीडच्या सुमारास तेलात चटणी परतून ती वरून ओतत. ज्याचा रस्सा आधीच आटलेला, त्याच्याच वाटीत ही नवी तर्री पडत होती.

तिसरे कारण चटणीचेच होते. हंगामाची गर्दी वाढली तरी वैशाखात कुटायची चटणी तेवढीच राहिली होती. ती ऑगस्टमध्ये संपली आणि पुढची खेप भर पावसात करावी लागली. ब्याडगी महाग पडली म्हणून ती कमी घेतली गेली आणि संकेश्वरी वाढली. पावसाळी हवेत मिरची नीट वाळली नाही, भाजताना काही करपली आणि चटणीला कडवटपणा आला. तिखटपणाची तक्रार करणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडाला जे लागत होते, त्यात हा कडवटपणाही होता, असे माझे मत आहे.

गावच्या गिऱ्हाइकाला आटणे आणि नवी तर्री यांतले काहीच कळले नाही, कारण ते बारा-साडेबाराला जेवते. पाहुणे पठार पाहून, घाट उतरून, अडीच-तीनला पोहोचतात. साताऱ्याचे तिखट आणि पुण्याची जीभ असा हा वाद नव्हताच. एकाला ताजा रस्सा मिळत होता आणि दुसऱ्याला आटलेला.

विचारात घेतलेले पर्याय

काजूचा रस्सा चालू ठेवणे हा पैशांच्या दृष्टीने सोपा पर्याय होता, पण हंगाम दीड महिन्याचा असतो आणि गुरुजींसारखे लोक उरलेले वर्ष चालवतात. तो पर्याय लवकर बाजूला पडला. दोन रस्से, एक तिखट आणि एक सौम्य, हा पर्याय मालकांना पटत होता, पण मामांनी त्याला ठाम विरोध केला. दोन वाटणे, दोन फोडण्या आणि वाढताना होणारी अदलाबदल हे सगळे गर्दीत सांभाळता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

मी सुचवले की, रस्सा शिजल्यावर गॅस बंद करावा आणि लागेल तसा गरम करून वाढावा, म्हणजे तो आटणार नाही. हा पर्याय आम्ही सुरक्षिततेसाठी सोडला. शिजवलेले अन्न खायला देईपर्यंत साठ अंशांच्या वर गरम ठेवावे लागते. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि मटणाचा रस्सा कोमट अवस्थेत तास-दोन तास ठेवणे म्हणजे संकटाला बोलावणे. आच हवी होती, पण आटणे नको होते.

या चर्चेत मालकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सहज विचारले, "पण अळणी का बंद केलं?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. आमच्या भागात घरी मटण शिजते तेव्हा हळद, मीठ, आले-लसूण लावून ते आधी शिजवून घेतात, आणि चटणी पडण्यापूर्वी त्यातले पाणी लहान मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, बाळंतिणीसाठी वाटीभर काढून ठेवतात. तेच अळणी. खानावळीतही पूर्वी ते मिळत असे. थाळ्या वाढल्या तसे ते सगळेच रश्शात जाऊ लागले आणि कधी बंद झाले हे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. रस्सा सौम्य करायला पाणी चालत नाही, काजूने चव बदलते, पण त्याच मटणाचे अळणी घातले तर चव तीच राहते आणि तिखटपणा तेवढा उतरतो. सौम्य रस्सा वेगळा करण्याची गरजच नव्हती. तो रोज आमच्याच पातेल्यात तयार होत होता आणि आम्ही तो चटणीत बुडवत होतो.

प्रत्यक्ष कृती

जुने प्रमाण परत आणले आणि काजू-मगज पूर्ण बंद केले. पावसाळी चटणीतली उरलेली खेप मामांनी रश्शाला वापरू दिली नाही.

दुसरे पातेले सकाळी चढवायचे बंद झाले. मटण अळणीसह शिजवून आणि वाटण परतून तयार ठेवायचे, आणि गर्दीचा अंदाज घेऊन दीड वाजता दुसरा रस्सा फोडणीला टाकायचा, असे ठरले. वाढायचे पातेले थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या मोठ्या परातीत, झाकण घालून ठेवले जाते. रस्सा वाफाळता राहतो, पण उकळत नाही. वरून नवी तर्री ओतणे थांबवले. ज्याला हवी त्याला ती वेगळ्या छोट्या वाटीत मिळते. वाढप्यांना डाव तळापासून ढवळून मगच वाटी भरायला शिकवले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो गिऱ्हाइकाला विचारायचे कसे यावर. आधी वाढप्यांना "तिखट चालेल का?" असे विचारायला सांगितले होते. जवळजवळ प्रत्येक जण, विशेषतः घरच्यांसमोर बसलेला कर्ता पुरुष, "चालेल" म्हणत असे, आणि एकदा चालेल म्हटल्यावर नंतर तक्रार करणे त्याला अवघड जाई. मग प्रश्नच काढून टाकला. आता पाणी ठेवतानाच प्रत्येक टेबलावर दोन छोट्या वाट्या येतात, एकीत दोन चमचे रस्सा आणि दुसरीत तेवढेच अळणी. लोक बोट बुडवून चाखतात, एकमेकांकडे पाहतात आणि स्वतःच सांगतात. मुले असतील तिथे अळणी-भात आधी वाढला जातो.

परिणाम

पुढच्या हंगामात भरलेल्या वाट्या परत येणे जवळजवळ थांबले. तीन वाजता येणाऱ्यांनाही बाराचाच रस्सा मिळू लागला. एका रविवारी मी अळणीत दोन डाव रस्सा घालून भाकरी कुस्करणारी एक मुलगी पाहिली आणि मला ते पहिले कुटुंब आठवले. ते परत आलेले नाही.

गुरुजी त्याआधीच, त्याच वर्षीच्या मार्गशीर्षात आले. मालकांनी त्यांना काही सांगितले नाही, फक्त वाटी ठेवली. ते पूर्ण जेवले आणि जाताना भटारखान्याच्या दारात थांबले. पण जुन्यांपैकी तीन-चार जण आजही दुसरीकडे जातात. त्यांना आता आमची चव आवडत नाही असे नाही, त्यांची सवय मोडली आहे.

खर्च वाढला आहे. दीड वाजता पुन्हा फोडणी म्हणजे आणखी एक हात आणि जास्त गॅस. अळणी वेगळे काढल्याने रश्शाला तेवढी हाडे जास्त लागतात. शिवाय अळणी लोकांना फारच आवडले, कित्येक जण ते नुसतेच पितात, आणि गर्दीच्या दिवशी ते दोनलाच संपते. त्याचे वेगळे पैसे लावावेत असे माझे म्हणणे आहे. मालक अजून तयार नाहीत. घरी अळणीचे कोणी पैसे मागत नाही, असे ते म्हणतात.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या रविवारीच साडेबाराचे कौतुक आणि पावणेतीनचे रडणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले असते, तर दोन महिने वाचले असते आणि काही गिऱ्हाइके टिकली असती. त्यासाठी कोणतीही विद्या लागत नव्हती, तीन वाजता स्वतः एक वाटी रस्सा खाऊन पाहणे पुरेसे होते. मी त्या दिवशी तिथेच होतो आणि मी तो खाल्ला नाही.

मामांना आधी विचारायला हवे होते. तीस वर्षे पातेल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला कारण माहीत होते. पण आम्ही ती अडचण गिऱ्हाइकाची आणि हिशेबाची मानली, म्हणून भटारखान्यात कोणी गेलेच नाही. त्यांनी आपणहून का सांगितले नाही, असे मी नंतर विचारले. मालकांनी पाणी ओतायला सांगितल्यावर आपण काय बोलणार, असे ते म्हणाले, आणि याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

रिकामी परत आलेली ताटे यशाचे माप मानणे ही माझी चूक होती. त्या ताटांवर जेवणारे लोक वर्षातून एकदा येणारे होते, आणि जे नेहमीचे होते ते त्या दिवसांत बहुतेक जेवायलाच येत नव्हते. बदल करायचाच होता तर तो नवरात्रानंतर, दोन्ही प्रकारचे गिऱ्हाईक समोर असताना करायला हवा होता. त्या कुटुंबाकडून पैसे न घेता निदान मुलीला दही-भात करून द्यायला हवा होता. मालक हे आजही बोलून दाखवतात.

यंदाच्या वैशाखात दोनशे किलो चटणीचा बेत ठरला आणि मिरची घ्यायला मामा स्वतः गेले. मीही बरोबर होतो. प्रत्येक पोत्यातून मूठभर मिरच्या काढून ते एकेक कानाशी धरून हलवत होते. बी खुळखुळले तर मिरची वाळलेली. तिसऱ्या दुकानापर्यंत त्यांनी एकही पोते घेतले नाही. मी घड्याळाकडे पाहिले तेव्हा त्यांनी एक मिरची माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ऐका की तुम्हीबी."